पाणी भरल्यावर

"समदं ब्येस झालंय अण्णा. पन आत पाणी भरलं, मंग?"

मामांनी एवढंच विचारलं. मे महिन्याची अखेर, सकाळचे सात वाजलेले. गंगापूर धरणाचं पाणी इतकं मागे हटलं होतं की टेम्पोतून होडी उतरवल्यावर आम्हाला ती भेगाळलेल्या गाळावरून दोनशे पावलं उचलून न्यावी लागली. चौघांनी चार कोपरे धरले होते. पाण्याच्या कडेला ओला गाळ आणि कुजक्या शेवाळाचा वास होता. टिटवी डोक्यावरून ओरडत फेऱ्या मारत होती. होडी पाण्यात सरकली तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि मामा आत बसून एक फेरी मारून आले. मी काठावर उभी राहून मागच्या फळीवर मीच मारलेली पेन्सिलची रेघ बघत होते. पाणी रेघेच्या जरासं खालीच थांबलं होतं, म्हणजे हिशेब बरोबर निघाला होता. मामा उतरले, होडीभोवती एक चक्कर मारली, बोटाच्या पेराने तळावर दोनतीनदा टकटक केलं, आणि मग हा प्रश्न विचारला.

अण्णा म्हणाले, "भरेल कसं? आतून बाहेरून रेझिन आहे, सांध्यावर कापड आहे. थेंब येणार नाही."

"व्हय," मामा म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत.

होडी त्यांच्याकडेच ठेवून आम्ही परतलो. सातपूर येईपर्यंत अण्णांनी तोंड उघडलं नाही. मीही नाही. चार महिने ज्या दिवसाची वाट पाहिली तो दिवस नीट पार पडला होता, होडी तरंगली होती, एका कुशीवर झुकत नव्हती, सरळ जात होती. तरी आम्ही दोघं असे गप्प, जणू काहीतरी विसरून आलोय आणि काय ते आठवत नाहीये. कारण मामांचा प्रश्न होडी गळेल का असा नव्हताच. अण्णांनी उत्तर दिलं ते न विचारलेल्या प्रश्नाचं. लाट आली, वारं सुटलं, जाळं ओढताना दोघं एका बाजूला आले, होडीचा काठ पाण्याखाली गेला, तर? मामा त्याबद्दल विचारत होते, आणि त्याचं उत्तर आमच्या दोघांकडेही नव्हतं.

मामा म्हणजे नात्यातले कुणी नव्हेत. माझ्या लहानपणापासून ते सिडकोत आमच्या गल्लीत सायकलवर मासे घेऊन येतात, आता मोपेडवर येतात. रोहू, कटला, कधी मरळ, आणि कायमची चिलापी. आई बोहनीच्या आधी भाव करत नाही आणि मामा आईला वजनात फसवत नाहीत. दोघांत तीस वर्षांत यापलीकडे फारसं बोलणं झालं नसेल, पण एखाद्या आठवड्यात ते आले नाहीत की आई दोनदा दारात जाऊन यायची. गावच्या मच्छीमार संस्थेचे ते सभासद. संस्था ठेका घेते, सभासद जाळी टाकतात. जाळं टाकायला मामांजवळ काय होतं, तर ट्रकच्या टायरची ट्यूब. फुगवलेल्या ट्यूबवर फळी आडवी बांधलेली, खाली पोत्यात शिवलेले थर्माकोलचे तुकडे. फळीवर मांडी घालून बसायचं, पाय अर्धे पाण्यात, हातात लाकडाची दोन फावडी, त्यांनीच वल्हवायचं. थंडीत पहाटे चार वाजता, नाशिकचा पारा खाली उतरलेला असताना, कमरेखाली ओल्या अंगाने दोन तास पाण्यावर काढायचे. मामांच्या पोटऱ्यांवर वळ पडलेत, ट्यूबच्या व्हॉल्व्हने घासून घासून. गेल्या दिवाळीनंतर एकदा ते माशांचा हिशेब करताना बोलून गेले की आता गुडघे ऐकत नाहीत. अण्णा ओट्यावर बसले होते. म्हणाले, "मी तुम्हाला होडी करून देतो."

अण्णांनी तोवर होडी केलेली नव्हती. पण ते चाळीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात पॅटर्न मेकर होते. बिडाचा ओतीव भाग बनवायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा होतो, साच्यात रस ओततात. लाकडाला कोणत्याही दिशेने वळवायचं, गोलाईला गोलाई जुळवायची, सांधा हाताला लागता कामा नये, हे अण्णांच्या बोटांत आहे. निवृत्तीनंतर त्या बोटांना काम नव्हतं. देव्हारा करून झाला, नातवंडांचे पाट करून झाले. त्यांच्या पेटीत एक पोलादी पट्टी आहे. दिसायला साधी फूटपट्टी, पण ती खोटी आहे, म्हणजे मुद्दाम मोठी आहे. ओतलेलं बीड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसतं, म्हणून नमुना तेवढा मोठा करावा लागतो, आणि दर वेळी गुणाकार करत बसायला नको म्हणून पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या लांबवलेल्या असतात. लहानपणी मला तिचं फार नवल वाटायचं. वस्तू पुढे किती लहान होणार हे आधीच ठाऊक असलेली पट्टी. होडीच्या कामाला बसण्याआधी अण्णांनी ती पट्टी कापडात गुंडाळून आईच्या कपाटात ठेवली. चुकून हाती आली तर बारा फुटांत दीड इंचाचा घोळ झाला असता.

अंगण आमचं चौदा फूट लांब. होडी बारा फुटी ठरली. फेब्रुवारीत वखारीतून मरीन प्लायवूडच्या ६ मिलिमीटरच्या तीन शीट आणल्या. शीट असते आठ बाय चार, त्यामुळे बारा फुटांसाठी दोन तुकडे एकापुढे एक जोडावेच लागतात. अण्णांनी सांधा असा तिरपा घेतला की जाडीच्या आठपट लांबीवर, म्हणजे जवळजवळ दोन इंचांत, एक तुकडा शून्यावर येतो आणि दुसरा तिथूनच सुरू होतो. हे काम त्यांनी रंध्याने केलं. प्लायवूडचे पापुद्रे तिरपे कापले गेले की पट्ट्यापट्ट्या दिसतात, फिक्या आणि गडद. पट्ट्या सरळ आल्या तर रंधा समपातळीत चाललाय, वाकड्या आल्या तर कुठेतरी जोर जास्त पडलाय. अण्णा चष्मा कपाळावर चढवून, गाल लाकडाला टेकवून त्या पट्ट्या बघत बसायचे. शीटवर आयएस ७१०चा शिक्का होता, मरीन प्लायवूडचं हे आपल्याकडचं मानक, त्यात तुकडा ७२ तास उकळून बघतात. अण्णांचा शिक्क्यावर विश्वास बसेना. उरलेला एक तुकडा त्यांनी आईच्या जुन्या पातेल्यात दिवसभर उकळला. घरभर ओल्या लाकडाचा, थोडासा औषधी असा वास. संध्याकाळी तुकडा काढून त्यांनी पापुद्रे सुटतात का ते पटाशीने बघितलं. सुटले नाहीत. आई म्हणाली, आता त्या पातेल्यात मी काही शिजवणार नाही. ते पातेलं पुढे रेझिनच्या कामाला गेलं.

मग शिवण. तळ, दोन बाजू, मागची फळी, सगळे सपाट तुकडे. कडेला वीतभर अंतरावर बारीक भोकं पाडायची, त्यांतून तांब्याच्या तारेचा टाका घालायचा आणि पकडीने पीळ द्यायचा. तार आम्ही भांडी बाजारातून आणली. मी आतून तार सरकवायची, अण्णांनी बाहेरून पीळ द्यायचा. पुढून सुरुवात केली, जिथे दोन्ही बाजू एकत्र येऊन नाळ होते. पहिले आठदहा टाके पडेपर्यंत ते लाकडाचे निर्जीव तुकडेच होते. मग मधला आडवा साचा ठोकला, बाजू ताणल्या गेल्या, प्लायवूड कुरकुरलं, आणि पुढच्या टाक्याला बाजू आपण होऊन वळली. तो बाक आम्ही काढलेला नव्हता, कागदावर तर सगळ्या रेषा जवळपास सरळच होत्या. लाकडाला जसं वळावंसं वाटलं तसं ते वळलं. अण्णांचा हात पकडीवर तसाच थांबला.

"झाली बघ," ते म्हणाले. अजून सत्तर टाके बाकी होते.

होड्या खिळ्याविना शिवायची रीत आपल्या किनाऱ्यावर फार जुनी. फळीला फळी काथ्याच्या दोरीने शिवून फटींत काथ्या आणि राळ भरायची. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एका जहाजाचं चित्र आहे. त्यावरून तशीच शिवून केलेली कौंडिण्य नावाची नौका मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाली. ती बातमी मी अण्णांना वाचून दाखवली होती तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावली. होडीचा विचार त्यांच्या मनात तेव्हापासूनच असावा असं मला वाटतं. मामांचे गुडघे हे नंतरचं निमित्त. आमच्या तारेच्या टाक्यांचं काम मात्र तात्पुरतं. आतल्या कोपऱ्यात इपॉक्सी, म्हणजे कालवल्यावर दगडासारखं घट्ट होणारं रेझिन, आणि लाकडाचा भुसा यांचा लेप भरला, त्यावर फायबरची पट्टी बसवली की तार काढून टाकायची. भुसा अण्णांनी मैद्याच्या चाळणीने चाळला. लेप असा हवा की चमचा उलटा केला तरी पडू नये आणि बोटाने ओढला तर ओरखडा राहू नये. आई ओट्यावरून बघत होती, म्हणाली, "श्रीखंडाचा चक्का." त्यानंतर आमच्यात त्या लेपाला चक्काच म्हणायचे.

एप्रिलमध्ये मात्र रेझिनने छळलं. ऊन तापलं की कपातलं मिश्रण हातातच गरम व्हायचं, धूर निघायचा, आणि ब्रश उभाच्या उभा त्यात दगड होऊन बसायचा. दोन कप वाया गेल्यावर आम्ही पहाटे पाचला उठायला लागलो. थोडं थोडं कालवायचं, पसरट ताटलीत ओतायचं म्हणजे उष्णता साठत नाही. पहाटेच्या त्या तासांत अंगणात आम्ही दोघंच असायचो. दिव्याच्या उजेडात फायबरचं पांढरं कापड रेझिन पिऊन पारदर्शक होत जायचं, खालचं लाकूड वर यायचं, ओल्या मातीच्या रंगाचं. मी बँकेत नोकरी करते, दिवसभर आकडे बघते. हाताने काहीतरी घडताना बघायचं सुख मला फार वर्षांनी मिळत होतं. अण्णांशी इतका वेळ, इतकं कमी बोलत, मी शाळा सुटल्यापासून कधी काढला नव्हता.

हिशेब माझ्याकडे होता. वहीत पहिल्या पानावर मी लिहिलं होतं: होडी ४५ किलो, दोन माणसं १२०, जाळं आणि मासे ३५, एकूण २०० किलो. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, म्हणजे होडीने २०० लिटर पाणी बाजूला सारलं की ती तरंगणार. तळाचं क्षेत्रफळ अडीच चौरस मीटर, म्हणून ती ८ सेंटिमीटर बुडणार. चार बोटं पाणी. एवढी मोठी होडी, दोन माणसं, जाळं, आणि पाण्याखाली फक्त चार बोटं. मी त्या आकड्याच्या प्रेमातच पडले होते. पेन्सिलची ती रेघ म्हणजे हाच आकडा. पण ती होडी आतून कोरडी असतानाची गोष्ट. आत पाणी भरलं की बाजूला सारण्यासारखं काही उरतच नाही, उरते ती फक्त लाकडाची जाडी. प्लायवूड पाण्याहून हलकं, ते स्वतः बुडणार नाही, आणखी वीसेक किलो धरेल. वीस किलो म्हणजे दुसरीतली मुलगी. हा हिशेब दोन ओळींचा होता आणि तो मी केला नव्हता.

तो मी त्या रात्री केला. मग झोप लागली नाही.

रविवारी मी एकटीच गेले. मामा बाभळीखाली जाळं सांधत बसले होते, होडी बाजूला पालथी घातलेली. आठ दिवसांत एकदाही पाण्यात नेलेली दिसत नव्हती. मी विचारलं, "मामा, तुम्हाला पोहता येतं ना?" त्यांना प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. म्हणाले, "मला काय धाड भरलीय ताई? दोन वेळा ट्यूब फुटली, दोन्ही वेळा पोहून आलोय." आणि मग जाळ्यातून मान वर न करता, "ट्यूबवर एकच मानूस बसतो. होडीत दोघं लागत्यात. म्या जाळं सोडनार, तर मागं वल्ह्यावर ही बसनार. हिला कुठं पोहता येतंय."

मामी चुलीपाशी होत्या. त्यांना मी ओळखतही नव्हते. तीस वर्षं मासे खाल्ले, पण ते साफ कोण करतं, जाळी कोण सांधतं, पहाटे काठावर कंदील घेऊन कोण उभं राहतं, हे कधी मनात आलं नव्हतं. आजवर त्या काठावर होत्या, कोरड्या जमिनीवर. आम्ही होडी करून दिली आणि त्यांची जागा मागच्या फळीवर झाली. त्यांना पाण्यावर नेऊन बसवणार होतो ते आम्हीच, आणि आमच्या वहीत त्यांचं वजनसुद्धा अंदाजाने धरलेलं होतं. दोन माणसं १२०. मामींनी मला कोरा चहा दिला. फार गोड होता. होडीबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. फक्त मी निघताना तिच्या तळावर हात फिरवत म्हणाल्या, "गुळगुळीत किती केलीय."

परतताना मला डबा आठवला.

आमच्या वेळी नाशकात मुलं पोहायला शिकायची ती गोदेत, पाठीला डबा बांधून. गोडेतेलाचा पाच लिटरचा पत्र्याचा डबा, झाकण डाग देऊन कायमचं बंद केलेलं, भोवती सुताची दोरी. त्याआधीच्या पिढीत वाळक्या भोपळ्यांची सांगड असायची. आपण दोन गोष्टींची सांगड घालतो म्हणतो, तोच शब्द या तरंगत्या जोडीचाही. मुलगे तर पुढे पुलावरून पुरात उड्या मारायचे, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की गावभर बातमी व्हायची आणि पोरं पुलाकडे धावायची. मुलींना मात्र कोणी डबा बांधत नसे. मी आठ वर्षांची असताना अण्णांनी बांधला. मे महिन्यातली पहाट, रामकुंडाजवळच्या गांधी तलावात. दोरी बगलेत काचत होती, पत्र्याची कड मणक्याला टोचत होती, पाणी थंडगार आणि हिरवट. अण्णांनी पोटाखालून हात काढला तेव्हा मी खाली गेले, नाकात पाणी गेलं, डोळ्यांपुढे सगळं हिरवं झालं, आणि मग पाठीवरून कुणीतरी ओढल्यासारखी मी वर आले. कुणी ओढलं नव्हतं. तो डबाच होता. पाच किलोचा उचल, माणसाच्या डोक्याच्या वजनाएवढा. शरीर पाण्यात जवळजवळ आपलं आपण तरंगतं, जड होतं ते पाण्याबाहेर काढलेलं डोकं, आणि तेवढ्यापुरतीच मदत लागते. हे आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं होतं की मी बुडाले तरी वर येते. त्यानंतर भीती गेली. आई घाटाच्या पायरीवर माझे कपडे मांडीवर घेऊन बसलेली होती, पाय पाण्यात, घोट्यापर्यंत. आयुष्यभर ती गुडघ्यापलीकडे पाण्यात गेली नाही. तिला कुणी डबा बांधला नाही, आणि मलाही ते कधी सुचलं नाही.

घरी येऊन मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, होडीला डबा बांधायला हवा."

ते समजले. लगेच समजले, आणि त्यांना लागलंही. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पुढच्या टोकाला आणि मागच्या फळीपाशी हवाबंद कप्पे करायचे म्हणजे पुढचा भाग वरून फळी टाकून बंद करायचा. आणि नाळेतला सांधा हे अण्णांचं सगळ्यांत देखणं काम होतं. दोन्ही बाजू जिथे मिळतात तिथे त्यांनी सागाचा एकच तुकडा कोरून बसवला होता, आतून हात फिरवला तर कुठे लाकूड संपतं आणि कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. तो आता कायमचा अंधारात जाणार होता. ते मला तसं म्हणाले नाहीत. होडी परत आणल्यावर मात्र फळी ठोकण्याआधी त्यांनी टॉर्च लावून नाळेत एकदा नीट बघितलं, मग आईला बोलावून तिला दाखवलं, आणि मग माप घेतलं.

माळ्यावरचा जुना डबा मी शोधून काढला. मनात होतं, तोच पुढच्या कप्प्यात ठेवावा. हलवून बघितला तर आत पाणी वाजलं. गंजाने कुठेतरी टाचणीएवढं भोक पडलेलं, किती पावसाळ्यांत कोण जाणे. अण्णांनी तो हातात घेऊन कानाशी हलवला आणि म्हणाले, "एका डब्याच्या भरवशावर राहायचं नाही." म्हणून कप्पे दोन. एका घनफुटात साधारण २८ लिटर. पुढचा कप्पा दोन घनफूट, म्हणजे पंचावन्न लिटर, मागचा तीन घनफूट, पंचाऐंशी लिटर. मिळून १४० किलोचा उचल, आणि माणसं तेव्हा कमरेपर्यंत पाण्यातच असणार, त्यांचा सगळा भार होडीवर येत नाही. शिवाय दोन्ही कप्प्यांत थर्माकोलचे ठोकळे भरले, उद्या कप्प्याला चीर गेली तरी पाण्याला आत जागाच मिळू नये म्हणून. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवून टाकतं, इपॉक्सी त्याला धक्का लावत नाही, ते एक बरं झालं. अखेर मामांच्या ट्यूबखालचा थर्माकोलच आमच्या होडीत आला. कप्पे हवाबंद आहेत का ते बघायला अण्णांनी छोटी नळी बसवली, तोंडाने हवा फुंकली, आणि मी सांध्यांवर साबणाचा फेस फिरवला, पंक्चरवाला बघतो तसा. दोन ठिकाणी बुडबुडे आले. ते बुजवले. पुन्हा फुंकलं. मग आले नाहीत. डबा नंतर मला कुठे दिसला नाही. भंगारात गेला असावा असं वाटून दोन दिवस मनाला लागून राहिलं, पण विचारलं नाही.

जूनच्या मध्यावर पुन्हा गेलो. पश्चिमेला ढग जमले होते, वारं दमट होतं. या वेळी होडी मुद्दाम बुडवायची होती, कमरेएवढ्या पाण्यात. मामांनी आणि मी मिळून एक काठ दाबून धरला. पाणी आत यायला लागलं, आधी पातळ, मग एकदम धबधबा. होडी खाली गेली, आणि काठ पाण्याच्या वर चार बोटं असताना थांबली. मामा आत शिरून बसले. ती हलली, कुशीवर वळू लागली, कारण भरलेल्या होडीत पाणी इकडून तिकडे धावतं. अण्णा काठावरून ओरडले, "मध्ये, खाली बसा, तळाला." मामा तळाला बसले तशी ती निवली.

मग मामी लुगडं सावरत पाण्यात आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गुडघ्यापर्यंत आल्या, मांडीपर्यंत आल्या, माझा दंड घट्ट धरला, त्यांच्या बांगड्या माझ्या हातात रुतल्या. एक पाय आत टाकला. होडी आणखी खाली गेली. मामींनी डोळे मिटले. दुसरा पाय टाकला, दोन्ही काठ धरून हळूहळू खाली बसल्या, पाणी कमरेला लागलं, पोटाला लागलं. काठ पाण्याला जवळजवळ टेकला आणि तिथेच राहिला. मी मनात आकडे मोजत होते, सवयीने. मामींनी डोळे उघडून आधी उजवा काठ बघितला, मग डावा. मग मागे वळून बंद कप्प्यावर तळहात ठेवला, तसाच थोडा वेळ ठेवला.

"थांबली की ओ," त्या म्हणाल्या. आणि लगेच, माझ्याकडे बघत, "आता बसून काय राहायचं? डबाबिबा द्या कुनीतरी, पानी काढते."

मी इकडेतिकडे बघायला लागले. काठावरून अण्णा पाण्यात उतरत होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. त्यांच्या हातात पत्र्याचा डबा होता, वरची बाजू कापलेली, कड आत वळवून ठोकलेली, बाजूला सागाची मूठ. भोक होतं तिथे डाग चकाकत होता. मामींनी तो घेतला, मूठ हातात बसते का ते बघितलं, आणि पाणी उपसायला लागल्या. एका खेपेला पाच लिटर. भरलेला डबा काठावरून पालथा करताना एकच आवाज यायचा, मग दुसरा, मग तिसरा. पन्नाससाठ खेपा तरी लागणार होत्या. विसाव्या खेपेला मामांनी हात पुढे केला, तर मामींनी डबा दिला नाही.